गाडी दारात येण्याआधी घरची वायरिंग बघा

येत्या दसऱ्याला किंवा पाडव्याला तुमच्या घरी इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल, तर चांगलेच आहे. धाराशिवहून तुळजापूरला जाऊन यायचे म्हटले तर पन्नासेक किलोमीटर होतात. त्याला साधारण दोन युनिट वीज लागते. पेट्रोलच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

शोरूममध्ये तुम्हाला गाडीचा रंग, डिकी, मोबाइलवरचे ॲप सगळे दाखवतील. तुमच्या घरातला प्लग मात्र कुणी बघायला येत नाही. तो तुम्हालाच बघायचा आहे, आणि गाडीचे पैसे भरण्याआधी बघायचा आहे.

मिक्सर पाच मिनिटे चालतो. इस्त्री अर्धा तास. स्कूटरचा चार्जर चार-पाच तास चालतो आणि कारचा तर रात्रभर. एवढा वेळ सलग वीज ओढली की वायरीतला सैल जोड तापायला लागतो. प्लग पिवळा पडतो, वास सुटतो. तेव्हा घरातले सगळे झोपलेले असतात. म्हणून इतकी वर्षे मिक्सरला चाललेली वायर गाडीलाही चालेल, असे धरून चालू नका.

आधी महावितरणचे शेवटचे बिल काढा. त्यावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. जुन्या घरांत तो अर्धा किंवा एक किलोवॅट इतकाच सापडतो. स्कूटरचा चार्जर साधारण अर्धा ते एक किलोवॅटचा असतो. कार जाड पिनच्या पॉवर प्लगवर लावली तर तीन किलोवॅटच्या आसपास ओढते. भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर, ज्याला वॉलबॉक्स म्हणतात, तो ७.२ किलोवॅटचा असतो. मंजूर भार कमी असेल तर तो वाढवून घ्या. महावितरणच्या ॲपवर अर्ज करता येतो, किंवा तुमच्या उपविभागीय कार्यालयात जा. परवानाधारक वीज ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट सोबत लागेल.

घरी गाडी चार्ज करायला वेगळा परवाना काढावा लागतो का, असे बरेच जण विचारतात. लागत नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे की घरच्या जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करता येते. गाडीसाठी वेगळे मीटर हवे असेल तर तेही मागता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले. त्यानुसार अर्ज पूर्ण असल्यास नवी जोडणी नगरपालिका हद्दीत ७ दिवसांत आणि खेड्यात १५ दिवसांत मिळायला हवी. अर्जाची पोच जपून ठेवा.

वॉलबॉक्सचा हट्ट धरू नका. नीट घातलेल्या पॉवर प्लगवर रात्रीच्या नऊ-दहा तासांत छोट्या कारला दीडशे किलोमीटर जाता येईल एवढी वीज भरते. रोज इतके फिरणारी माणसे आपल्याकडे थोडीच आहेत. ७.२ किलोवॅटचा चार्जर घेतला तर घरातल्या बाकीच्या वापरासह बहुतेक वेळा थ्री फेज जोडणी घ्यावी लागते. तो खर्च आधी हिशेबात धरा. ते पैसे वाचवून चांगल्या वायरिंगवर घातले तर जास्त उपयोगाचे.

आता मुख्य काम. घर कसलेही असो, या गोष्टी लागतातच.

गाडीसाठी मीटरपासून वेगळी लाइन ओढून घ्या. मधे दुसरा कुठलाही बोर्ड नको, जोड नको. तांब्याची वायर घ्या. पॉवर प्लगसाठी ४ एमएम आणि वॉलबॉक्ससाठी निदान ६ एमएम. अंतर जास्त असेल तर त्याहून जाड. त्या लाइनीला स्वतंत्र एमसीबी बसवा. सोबत ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा. माणसाला शॉक बसला की ही आरसीसीबी क्षणात वीज तोडते. तिच्यावर ‘टी’ असे लिहिलेले छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबा. वीज गेली तर आरसीसीबी चांगली आहे. नाही गेली तर ती बदलून घ्या आणि तोवर गाडी लावू नका.

खिडकीतून ओढलेली एक्स्टेन्शन वायर गाडीला कधीही लावू नका. एका रात्रीपुरतीसुद्धा नको. गुंडाळी करून ठेवलेली वायर तर आतल्या आत वितळते.

आणि अर्थिंग. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या धाराशिव जिल्ह्यात सगळ्यात मोठी गफलत इथेच होते.

आपली जमीन बालाघाटच्या पठाराची. वर थोडी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाऊस बेभरवशाचा. एप्रिल-मे महिन्यांत जमीन पार कोरडी होते. कोरड्या मुरमात पुरलेला अर्थिंगचा पाइप नावालाच उरतो. घर बांधताना अर्थिंग केले होते, एवढ्यावर विसंबू नका. ठेकेदाराला अर्थ टेस्टर आणायला सांगा आणि मोजून घ्या. पाच ओहमच्या आत आले तर चांगले. जास्त आले तर कोळसा-मीठ घालून नवा खड्डा करून घ्या. जागा ओलाव्याची निवडा. न्हाणीघराचे किंवा धुण्याचे पाणी जिथे जाते त्याच्या जवळ खड्डा असला तर उन्हाळ्यातही ओल टिकते आणि टंचाईत चांगले पाणी खर्च करावे लागत नाही.

कित्येक चार्जरना अर्थिंग मिळाले नाही की ते लाल दिवा दाखवतात आणि चालूच होत नाहीत. मग कुणीतरी हुशार माणूस प्लगमध्ये अर्थिंगची वायर न्यूट्रलला जोडून देतो. लाल दिवा जातो, गाडी चार्ज व्हायला लागते, सगळे खूश. हे अतिशय धोक्याचे आहे. पुढे कधी न्यूट्रल तुटला की वीज थेट गाडीच्या पत्र्यात उतरते. ओल्या अंगणात उभे राहून मुलाने गाडीला हात लावला तर काय होईल, ते मी लिहायला नको. असा जोड करणाऱ्या माणसाला घरात पुन्हा बोलावू नका.

तशीच दुसरी सवय. गावात न्यूट्रल गेला की काही जण अर्थिंगवरच दिवे चालवतात. असे केल्याने अर्थिंगच्या वायरीत वीज खेळते. ज्या घरात गाडी लावायची आहे तिथे हे कायमचे बंद करा.

आता तुमचे घर कसे आहे, त्याप्रमाणे बघू.

घर माळवदाचे असेल किंवा जुना वाडा असेल, तर भिंती दगड-मातीच्या आणि वायरिंग बहुधा लाकडी पट्टीवरचे. त्यात अर्थिंगची तिसरी वायरच नसते. माळवद पावसाळ्यात गळते. भिंतीतल्या पोकळीत उंदीर-घुशी फिरतात आणि वायर कुरतडतात. अशा घरात जुन्या वायरिंगला हात लावू नका. मीटरपासून ओसरीपर्यंत किंवा वाड्याच्या दरवाजापर्यंत नवी लाइन जाड पाइपातून बाहेरच्या बाजूने न्या. भिंत खोदू नका. चार्जिंगचा बोर्ड उंचावर, गळत नाही अशा जागी बसवा. बाकीचे घर पुढे सवडीने करता येईल.

पत्र्याच्या घरात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये गाडी लावत असाल तर दुप्पट काळजी घ्या. पत्र्याच्या कडेला घासून वायरीचे वरचे आवरण फाटले की सगळे घर करंट धरते. तारेवर कपडे वाळत घालताना शॉक बसून माणसे गेल्याच्या बातम्या तुम्ही दर पावसाळ्यात वाचता. वायर प्लॅस्टिकच्या पाइपातून न्या. पत्र्याला, लोखंडी अँगलला ती टेकू देऊ नका. शेडच्या सांगाड्यालाही अर्थिंग करून घ्या. मे महिन्यात पत्र्याखाली भट्टीसारखे तापते. दुपारी तिथे चार्जिंग लावू नका.

लोहारा, उमरगा भागात १९९३ च्या भूकंपानंतर ज्या पुनर्वसन वसाहती उभ्या राहिल्या, तिथली एक गोष्ट फार सोयीची आहे. प्रत्येक घराला मोकळी जागा आहे. गाडी अंगणात, स्वतःच्या मीटरजवळ लावता येते. मात्र पुष्कळ घरांतली वायरिंगही तेव्हाचीच आहे. तीस वर्षे ओलांडली. नंतर खोल्या वाढवल्या, पडवी काढली आणि प्रत्येक वेळी आहे त्याच बोर्डातून वायर पुढे ओढली. त्या ओढलेल्या वायरीवर गाडी लावू नका.

बंगला किंवा रो-हाऊस असेल तर काम सोपे. बांधकाम चालू असेल तर आणखी सोपे. पोर्चमध्ये एक रिकामा पाइप आत्ताच टाकून ठेवा. गाडी पाच वर्षांनी घेतली तरी चालेल, भिंत फोडावी लागणार नाही.

भाड्याने राहत असाल तर घरमालकाला आधी सांगा. चोरून लावू नका. छोटे सबमीटर बसवा. दर महिन्याचे आकडे दोघांनी मिळून एका वहीत लिहा. वायरिंगचा खर्च कुणाचा आणि घर सोडताना ती कुणाची, हे अकरा महिन्यांच्या करारातच लिहून घ्या. सोय होणार नसेल तर बॅटरी काढून घरात नेता येते अशी स्कूटर बघा. ती बॅटरी मात्र गादीवर, पलंगाखाली किंवा देवघरातल्या समईजवळ ठेवून चार्ज करू नका. फरशीवर, मोकळ्या जागी ठेवा.

अपार्टमेंटमध्ये वीज कमी आणि बोलणे जास्त लागते. धाराशिव शहरात बऱ्याच इमारती लहान आहेत. आठ-दहा फ्लॅट, खाली पार्किंग, जिन्याजवळ सगळी मीटर. अशा ठिकाणी सरळ मार्ग म्हणजे तुमच्या मीटरपासून तुमच्या पार्किंगपर्यंत स्वतंत्र केबल, स्वतंत्र एमसीबी आणि कुलूप लागणारी पेटी. वीज तुमची, बिल तुमचे. जिन्यातल्या सामाईक दिव्याच्या बोर्डात स्कूटर लावू नका. महिन्याला काहीशे रुपयांचा प्रश्न असतो, पण त्यावरून शेजाऱ्याशी वर्षभराचा अबोला होतो.

आधी सचिवाला किंवा सगळ्या फ्लॅटधारकांना पत्र द्या. केबल कुठून जाणार याचा साधा नकाशा जोडा. काम परवानाधारक ठेकेदार करणार, खर्च माझा, खोदलेले बुजवून देणार, हे लिहा. तोंडी विचारले की ‘बघू’ असे उत्तर येते. लेखी दिले की उत्तर द्यावे लागते.

जे समितीवर आहेत त्यांनाही एक विनंती. आज एक गाडी आहे, उद्या सहा होतील. एकेकाला नकार देत बसण्यापेक्षा एकदाच इलेक्ट्रिशियनकडून इमारतीचा एकूण भार तपासून घ्या. सगळ्यांसाठी केबलची वाट ठरवा. गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा विचार असेल तर पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. त्या सामाईक सोयींत गाड्यांचे चार्जिंगही धरले आहे.

शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्यांनी पुढचे नीट वाचा. पंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करू नका. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना सरकारने वीज मोफत केली आहे, पण ती पंपासाठी आहे. ती दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. आकडा टाकला तर तो सरळ चोरीचा गुन्हा. वस्तीवर घरगुती मीटर घ्या. दाब कमी-जास्त होत असेल तर चार्जर आपोआप थांबतो. त्याला थांबू द्या. जबरदस्तीने चालवायचे उपाय करू नका. घरच्या इन्व्हर्टरवरही गाडी लावू नका, त्याची बॅटरी पार बसून जाईल.

ई-रिक्षा चालवणाऱ्यांच्या गाडीत अजूनही पुष्कळदा पाण्याच्या बॅटऱ्या असतात. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन वायू निघतो. बंद खोलीत तो साठला तर एका ठिणगीने स्फोट होतो. रिक्षा उघड्यावर किंवा दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशा जागी लावा. जवळ बिडी-काडी नको.

तुळजापुरातल्या लॉजवाल्यांना आणि भाविकांना घरी उतरवून घेणाऱ्या पुजारी कुटुंबांना आता ‘गाडी चार्ज होईल का?’ असे विचारले जाऊ लागले, तर नवल नाही. सोलापूर-धुळे रस्ता इथूनच जातो. पैसे घेऊन चार्जिंग द्यायला विजेच्या विक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच सांगितले आहे. पण ते घरगुती मीटरवर करू नका. चार्जिंगसाठी वेगळा दर आहे, त्याची वेगळी जोडणी घ्या. नवरात्रात आणि कोजागिरीला गर्दीत कुणाचेही पाय केबलमध्ये अडकतील. केबल जमिनीवर लोळू देऊ नका.

कधी चार्ज करायचे, तेही ठरवून घ्या. संध्याकाळी सात ते दहा घरोघरी दिवे, पंखे, कूलर, टीव्ही चालू असतात आणि डीपीवर भार असतो. त्यात गल्लीतल्या चार कार लागल्या तर डीपी जळायला वेळ लागत नाही. मग दुरुस्त डीपी येईपर्यंत सगळी गल्ली अंधारात. गाडी अकरानंतर लावा, किंवा ॲपवर तशी वेळ लावून ठेवा. टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारे मीटर असेल तर दिवसाच्या विजेला युनिटमागे सवलत मिळते का ते बिलावर बघा. मिळत असेल तर घरी असलेल्यांनी सकाळी लावलेली बरी.

बिलाचाही अंदाज घ्या. स्कूटरने महिन्याला चाळीस-पन्नास युनिट वाढतात. हजार किलोमीटर फिरणाऱ्या कारने दीडशेच्या आसपास. तुमचा वापर आज शंभराच्या आत असेल तर वरची युनिटे पुढच्या, महाग टप्प्यात जातील. तरीही पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडते, पण पहिल्या बिलाला दचकू नका. आपल्याकडे ऊन भरपूर आहे. घरावर तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली तर सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान मिळते. त्यातून दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज तयार होते. घर आणि स्कूटर दोन्ही त्यात भागते.

गाडी रात्री कुठे उभी राहते, हे उशिरा सांगतो आहे, पण ते सगळ्यात आधी ठरवा. घराबाहेर पडायचा जो एकमेव रस्ता आहे, त्यात गाडी चार्ज करू नका. बोळ, जिन्याखालची जागा, एकाच दाराची खोली, हे सगळे टाळा. २०२२ मध्ये देशात ठिकठिकाणी स्कूटर पेटल्या आणि त्यानंतर केंद्राने बॅटऱ्यांचे नियम कडक केले. आताच्या चांगल्या गाड्या पुष्कळ सुरक्षित आहेत. पण आग लागलीच तर बॅटरीचा धूर विषारी असतो, आणि दारातच गाडी असेल तर आतल्यांनी जायचे कुठून? म्हाताऱ्या माणसांच्या आणि लेकरांच्या खोलीपासून गाडी लांब ठेवा. धूर दिसला तर मेन स्विच जवळ असल्यास पाडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. गाडी वाचवायला जाऊ नका.

उन्हातून आलेली गाडी लगेच लावू नका, अर्धा तास सावलीत निवू द्या. वळवाचा पाऊस भरून आला तर विजांचा कडकडाट सुरू होण्याआधीच प्लग काढून ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात पाणी घरात शिरले होते, ते आठवा. नदी-ओढ्याकाठी घर असेल तर चार्जिंगचा बोर्ड त्या पाण्याच्या रेषेच्या वर बसवा. पाण्यात बुडालेली गाडी वाळल्यासारखी दिसली तरी चार्जिंगला लावू नका. आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा.

काम झाले की ठेकेदाराचा हिशेब लगेच चुकता करू नका. त्याच्यासमोर गाडी लावा आणि तासभर चालू ठेवा. मग चार्जिंग बंद करून प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसायला नको. आरसीसीबीचे बटण दाबून दाखवायला सांगा. अर्थिंगचा आकडा कागदावर लिहून, सही करून घ्या. टेस्ट रिपोर्टची प्रत मागा. गाडीचा एमसीबी कुठला, ते खडूने नको, पक्क्या शाईने पेटीवर लिहून घ्या आणि घरातल्या बायकामुलांना तो बंद करून दाखवा. एवढे झाले की राहिलेले पैसे द्या.